बैलाची खांदमळणी आणि शिह त्झूची हजामत

कुत्र्यांच्या स्पाची जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की पुढे काय होणार हे आता पाठ झालंय. ‘इथे शेतकरी गळफास घेतोय आणि यांच्या कुत्र्यांना मड बाथ’ हा पहिला बाण. ‘तो आमचा मुलगा आहे, तुम्हाला नाही कळायचं’ हे उलट उत्तर. मग कुणीतरी भटक्या कुत्र्यांचा विषय काढतं, दोन जण ग्रुप सोडतात आणि सेक्रेटरी ‘कृपया सोसायटीच्या कामाचेच मेसेज टाका’ असं लिहून पडदा पाडतात. मुंबईत कुत्र्यांवरून माणसं भांडायला लागली त्याला दोनशे वर्षं होत आली. १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्या भांडणात निदान मुद्दा काय आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. स्पाच्या भांडणात तेवढंही नाही. एक बाजू पैशाबद्दल बोलते, दुसरी प्रेमाबद्दल, आणि कुत्र्याच्या कातडीबद्दल कुणीच बोलत नाही.

माझी भूमिका आधी मांडते. ज्या जनावराचं शरीर माणसाने आपल्या कामासाठी, हौशीसाठी किंवा सोयीसाठी घडवलं, त्या घडणीतून त्याच्या वाट्याला आलेला त्रास निस्तरणं हे माणसाचं देणं आहे. देण्याला चैन म्हणता येत नाही, आणि देणं फेडताना प्रेमाचा टेंभाही मिरवता येत नाही. हा निकष हातात घेतला की ग्रूमिंग पार्लरच्या, म्हणजे कुत्र्या-मांजरांची आंघोळ, केस आणि नखं करणाऱ्या दुकानाच्या, दरपत्रकातल्या काही ओळी अत्यावश्यक ठरतात, बऱ्याचशा सरळ खोडता येतात, आणि मग आपण कधी न विचारलेला प्रश्न समोर येतो. हे आवश्यक काम आपण कुणाच्या हातात देतोय, आणि त्या हाताला कुठला नियम लागू आहे?

हा निकष काही फ्लॅट संस्कृतीत जन्मलेला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदमळणी होते. गरम पाण्याने खांदा शेकायचा, मग हळद आणि तूप, कुठे लोणी, अंगात जिरेपर्यंत चोळायचं आणि म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी नदीवर आंघोळ, साळलेल्या शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, आणि दिवसभर मानेवर जू नाही. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हेच बेंदराला होतं. मळणी खांद्याचीच का? पाठीची का नाही, पायांची का नाही? कारण जू खांद्यावर असतं. वर्षभर घासून तिथली कातडी निबर झालेली असते, कधी सुजते, कधी फुटते. ती आपल्या नांगराने झालेली आहे, म्हणून तूपही आपल्याच घरचं. दुष्काळाच्या वर्षी हात आखडला तरी शेतकरी हे टाळत नाही, आणि ‘माणसांना खायला नाही, बैलाला तूप कसलं चोळता’ असं त्याला कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

पागेतही हेच गणित होतं. मोतद्दार रोज घोड्याला खरारा करी, तो घोडं चकचकीत दिसावं एवढ्यासाठी नव्हे. खोगिराखाली घाम आणि धूळ वाळून बसली की घोड्याची पाठ लागते, म्हणजे सोलवटते, आणि पाठ लागलेलं घोडं मोहिमेत निरुपयोगी. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आपल्याला ‘रयतेला त्रास देऊ नका’ या ताकिदीसाठी आठवतं. त्यातच दाणा-वैरणीचा हिशेबही आहे. वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं महाराज बजावतात. दगावलेल्या घोड्याचा दोष नशिबावर ढकलायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

कुत्र्याच्या सर्वांत जवळचं उदाहरण मात्र मेंढीचं. रानमेंढीची लोकर ऋतूप्रमाणे आपोआप झडते. पिढ्यान्‌पिढ्या लोकरीसाठी निवडत आणलेल्या मेंढीची तशी झडत नाही, म्हणून धनगराला ती कातरीने भादरावी लागते. शिह त्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज, पूडल या कुत्र्यांच्या जातींचं असंच आहे. यांचे केस वाढतच राहतात, आणि सुटलेला केस खाली न पडता बाकीच्या केसांत अडकतो. काखेत, कानामागे, मांड्यांच्या आत आधी वाटाण्याएवढी गाठ होते. काही दिवस कंगवा फिरला नाही की शेजारच्या गाठी एकमेकींना मिळतात, आणि पावसाळ्यात आतून ओल्याच राहतात. एका पार्लरमध्ये असा एक शिह त्झू भादरताना मी पाहिला. तिथे काम करणाऱ्या मुलाने क्लिपर, म्हणजे केस भादरायचं यंत्र, अगदी कातडीलगत चालवत पाठीवरचा सगळा थर घोंगडीच्या तुकड्यासारखा एकसंध उचलला. खालची कातडी लालभडक, पोटाकडे दोन ठिकाणी चिघळलेली, कानाच्या मुळाशी गोचिडांची रांग. पुढच्या पायाचं वरचं नख, जे जमिनीला टेकत नाही म्हणून झिजतही नाही, ते गोल वळून परत मांसात शिरलं होतं. कुत्रं भुंकत नव्हतं, फक्त पाय मागे घेत होतं. मालकीणबाई बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते, ‘अहो, किती विचित्र दिसतोय! केस कधी येतील परत?’

हे काम ज्यांना श्रीमंतांचे थेर वाटतात त्यांनी ती कातडी एकदा पाहावी. गोचिडांतून येणाऱ्या तापाने कुत्री दगावतात, आणि दाट केसांतल्या गोचिडी सापडतात त्या हात फिरवणाऱ्यालाच. ज्या कटची सर्वांत जास्त टिंगल होते तो पूडलचा, अर्धं अंग भादरलेलं आणि सांध्यांवर केसांचे गोंडे. तोही मूळचा पाण्यातून शिकार आणणाऱ्या कुत्र्याचा. पोहताना केस जड होऊ नयेत म्हणून अंग भादरायचं, आणि सांधे, छाती गारठू नये म्हणून तिथे ठेवायचे, अशी त्याची उपपत्ती सांगतात. नंतर ती फॅशन झाली, हा भाग वेगळा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठावर कुत्री भादरणारे बसत, आपल्याकडे झाडाखाली न्हावी बसायचा तसे. त्यांचं हातावरचं पोट होतं, काचेची दारं आणि एसी नव्हता.

यावर सगळ्यात दमदार आक्षेप येतो तो असा. ‘मग असलं कुत्रं आणलंतच कशाला?’ गल्लीतल्या गावठी कुत्र्याला कुणी आयुष्यात आंघोळ घातलेली नसते, तरी त्याच्या अंगावर गाठ सापडत नाही. कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, वर ब्रश फिरवला तरी भागतं. हे मला बिनशर्त मान्य आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात हस्कीसारखं बर्फातलं कुत्रं पाळणाऱ्याचं कौतुक माझ्याकडून होणार नाही, आणि पाळण्याआधी कुणी सल्ला विचारला तर मी गावठी पिल्लाकडेच बोट दाखवीन. पण या आक्षेपाचं वजन कुत्रं घरी येईपर्यंतच आहे. ते आल्यानंतर, शेजारच्या काकांनी कितीही बिनतोड युक्तिवाद केला तरी त्याने काखेतली गाठ सुटत नाही. विकत घेणाऱ्याची चूक कुत्र्याच्या कातडीवर वसूल करायची, हा कुठला न्याय? आणि ती चूक होण्याआधीच रोखायची असेल तर भांडण पार्लरशी नको, पैदाशीच्या धंद्याशी हवं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम २०१७ पासून आहेत. नोंदणी आहे का, हा प्रश्न पिल्लू घेताना किती जण विचारतात? ‘पप्पीज अव्हेलेबल’च्या पोस्टखाली लोक विचारतात ते ‘लास्ट प्राइस?’

दुसरा आक्षेप, की यातलं बरंचसं थोतांड आहे, तो मी नुसता मान्य करत नाही, त्यात भर घालते. नेलपॉलिश, रंगवलेली शेपटी, ब्लूबेरी फेशियल, शेवटी अंगावर मारलेला परफ्यूम. ज्या प्राण्याचं निम्मं जग वासाचं आहे त्याच्या अंगाला लॅव्हेंडर फासायचं कुणासाठी? सोफ्यावर शेजारी बसणाऱ्यासाठी. ही झूल आणि बेगडच आहे म्हणा, पण झूल संध्याकाळी उतरवता येते. अंगाला जिरलेला वास कुत्र्याला दिवसभर वागवावा लागतो. शिवाय काही गोष्टी नुसत्या निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. टी ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी ठरू शकतं, आणि मांजर तर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचीडनाशक मांजराला लावलं तर ते जिवावर बेतू शकतं. माणसाच्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेपाचच्या आसपास असतो, कुत्र्याचा सातच्या जवळ, म्हणून घरातला शाम्पू त्याला चालत नाही, मग त्यावर कितीही ‘माइल्ड’ लिहिलेलं असो.

आणि तो ‘समर कट’! एप्रिल उजाडला की लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो ते स्पिट्झ रांगेने टक्कल करून घरी येतात. मालकाला वाटतं, बिचाऱ्याला उकडत होतं. पण कुत्रं माणसासारखं अंगभर घाम गाळत नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना, बाकी गारवा तो धापा टाकून मिळवतो. या जातींचे केस दुहेरी थराचे असतात, आणि वरचा थर उन्हापासून कातडीचं रक्षण करतो. तो मुळासकट भादरला की कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांत केस नंतर ठिगळाठिगळांनी येतात किंवा महिनोन्‌महिने येतच नाहीत. उन्हाळ्यात खरं करायचं काम कंटाळवाणं आहे. आतला मेलेला, मऊ थर कंगव्याने मोकळा करून काढणं. त्याला वेळ लागतो आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. चांगला ग्रूमर ओळखायची माझी खूण हीच आहे, की तो लॅब्रॅडॉरचं टक्कल करायला सरळ नकार देतो आणि गिऱ्हाईक गमावतो.

आता पैसा आणि पाणी. विषमतेचा मुद्दा खोटा नाही. एका आंघोळीला जेवढे पैसे जातात तेवढी काहींची दिवसभराची मजुरी असते, आणि ‘त्यातून रोजगार मिळतो’ असं म्हणून तो मुद्दा उडवून लावणं मला जमणार नाही. रोजगार कशातूनही मिळतो. पण हा युक्तिवाद फक्त कुत्र्यापाशीच का आठवतो? लग्नातल्या ड्रोनपाशी, दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या गाडीपाशी तो ग्रुपवर दिसत नाही. गरिबाची आठवण फक्त दुसऱ्याच्या खर्चाच्या वेळी येणार असेल तर ती त्या गरिबाच्या कामाची नाही. पाण्याचा मुद्दा मात्र मला जास्त बोचतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या राज्यात दर आठवड्याला बर्नीज माउंटन डॉगसारख्या थोराड, केसाळ कुत्र्याला बादल्या ओतणं शोभत नाही. सुदैवाने कुत्र्याची गरज आणि पाण्याची टंचाई इथे एकाच बाजूला आहेत. निरोगी कुत्र्याला सारखी आंघोळ लागतच नाही, उलट अति धुण्याने कातडी कोरडी पडते. लागतो तो ब्रश, आणि तो घरी मारायचा असतो. दर आठवड्याचं आंघोळीचं पॅकेज विकणारा माणूस कुत्र्याची सोय पाहत नाही, स्वतःची पाहतो.

सर्वांत गंभीर आक्षेप माझ्या मते या भांडणात क्वचितच येतो, आणि तो यायला हवा. प्राणी घाबरतो. गळ्यात टेबलाला बांधलेला फास, अनोळखी हात, आणि कानाशी केस वाळवणाऱ्या ब्लोअरची घरघर. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत. आपल्याला जो नुसता गोंगाट वाटतो तो त्याला काय वाटत असेल? काही ठिकाणी हात मोकळे राहावेत म्हणून ओल्या कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून आत गरम हवा सोडतात. पग किंवा पर्शियन मांजर यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या प्राण्याला मुळातच धापा टाकून अंग गार करणं जड जातं, आणि बंद पिंजऱ्यातल्या गरम हवेत त्याचा उष्माघाताने जीव जाऊ शकतो. वळवळणाऱ्या कुत्र्याला ‘शांत करायची गोळी’ देणारी पार्लरंही आहेत. गुंगीचं औषध देणं हे पशुवैद्यकाचं काम आहे, केस कापणाऱ्याचं नाही. पण याला उत्तर ‘ग्रूमिंग बंद करा’ हे कसं होईल? नख मांसात शिरल्यावर तर त्याला यापेक्षा घट्ट धरावं लागेल. उत्तर आहे ते पिल्लू असतानाच घरी रोज पंजे हातात घेण्याची सवय लावणं, पार्लरमध्ये कमी वेळ ठेवणं, आणि जो धंदा सजीव प्राण्यावर धारदार पातं चालवतो त्याला नियम लावणं.

इथे आपला कायदा गमतीदार आहे. मुंबईत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, त्याचा आधार १८८८ च्या कायद्यात आहे. पैदाशीला २०१७ चे नियम, पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ चे. पण दुकानांचे नियम प्राणी विकणाऱ्यासाठी आहेत. जो विकत नाही, फक्त धुतो आणि कापतो, तो त्यातून निसटतो. म्हणजे कुत्र्याला परवाना हवा, त्याच्या मानेवर क्लिपर चालवणाऱ्याला नको. दुखापत झाली तर? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान १० आणि कमाल ५० रुपये. वडापाव आणि चहाचे पैसे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारण्या-अपंग करण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते खोडसाळपणासाठी. निष्काळजीपणे चालू राहिलेल्या ब्लोअरपर्यंत ते सहज पोचत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण तिथे पुरावा लागतो, आणि आत काय झालं हे पाहणारा साक्षीदार बोलू शकत नाही.

‘परवाना आणलात की हप्ता आला’ असं यावर म्हटलं जातं. महापालिकेच्या कुठल्याही खिडकीपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे खोटं म्हणता येणार नाही. परदेशाचा दाखलाही माझ्या मदतीला येत नाही. अमेरिकेत माणसाच्या न्हाव्याला परवाना लागतो, कुत्र्याच्या न्हाव्याला बहुतेक ठिकाणी नाही, आणि ब्रिटनमध्येही तीच गत. पुन्हा, अनुभवाने शिकलेल्या पोरांकडे प्रमाणपत्र मागितलं तर फावणार ते मोठ्या साखळी दुकानांचंच. ही भीती रास्त आहे, पण नवी नाही. १९४८ चा फार्मसी कायदा झाला तेव्हा दवाखान्यांत औषधं मिसळून देणारे कंपाउंडर होतेच, पदवी नसलेले आणि कामात मुरलेले. कायद्याने त्यांना हाकललं नाही. पाच वर्षं ते काम केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत जागा दिली, आणि पुढच्यांना शिक्षणाची अट घातली. ग्रूमरच्या बाबतीत याहून अवघड काय आहे? काचेतून दिसेल अशी कामाची जागा, गरम हवेच्या पिंजऱ्यांवर बंदी, गुंगीच्या औषधाला मनाई, झालेल्या प्रत्येक जखमेची नोंद आणि जवळच्या पशुवैद्यकाशी लेखी करार, एवढ्याने सुरुवात करता येईल. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा शिरवळ, नागपूर, परभणीच्या महाविद्यालयांत या मुलांसाठी तीन महिन्यांचा वर्ग चालवायला कुठली क्रांती लागणार आहे?

कारण या सगळ्या चर्चेतून गायब आहे तो हाच मुलगा. एक बाजू कुत्र्याच्या मालकाला शिव्या घालते, दुसरी मालकाचं मन जपते. मघाच्या त्या शिह त्झूवर क्लिपर चालवणाऱ्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चाव्यांचे पांढरे व्रण होते आणि दंडावर गजकर्णाचा ताजा गोल. कुत्र्या-मांजरांकडून माणसाला गजकर्ण लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज अनोळखी जनावरांच्या तोंडाशी हात असणाऱ्यांनी रेबीजची लस चावा होण्याआधीच घ्यायची असते, ती सोय उपलब्ध आहे, आणि तिचा खर्च दुकानाच्या मालकाने करायला हवा. कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय पार्लरवाले त्याला आत घेत नाहीत, हे बरोबरच आहे. पुढच्या वेळी काउंटरवर ते कार्ड काढून देताना, आत काम करणाऱ्या मुलांची कार्डं कुठे आहेत तेही विचारा.